पुश केलं तरी पाईपलाईन बदलत नाही: सीडीके पाईपलाईनचा अपडेट अडकला की काय काय बघायचं

लक्षणं आधी लिहिते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

एडब्ल्यूएस सीडीके (अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या गोष्टी कोड लिहून उभ्या करायचं साधन) वापरून टाईपस्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये पाईपलाईन (पुश केलेला कोड आपोआप बिल्ड करून प्रॉडक्शनपर्यंत नेणारी साखळी) लिहिलीये, पहिल्यांदा लॅपटॉपवरून डिप्लॉय केली तेव्हा सगळं नीट चाललं, आणि आता दोन महिन्यांनी त्या पाईपलाईनच्याच कोडमध्ये काहीतरी बदललं, पुश केलं, आणि बदल लागतच नाही. कोणाकडे नवीन स्टेज कोडमध्ये आहे पण कन्सोलमध्ये दिसत नाही. कोणाकडे अपडेटपाईपलाईन स्टेजमधलं सेल्फम्युटेट (पाईपलाईन स्वतःला बदलते ते काम) लाल होऊन बसतं. कोणाकडे त्याच्याही आधी, बिल्ड स्टेजमधला सिंथच (सीडीकेच्या कोडमधून टेम्प्लेट्स बनवायची पायरी) फेल होतो, आणि तो दुरुस्त करायला पुश केलेला कोडही नेमका त्याच जागी फेल होतो, यात लोकांचे दोन-दोन दिवस जातात. चौथा प्रकार असा की काहीच लाल नाही, पण पाईपलाईन अपडेटपर्यंत जाते आणि परत पहिल्यापासून सुरू होते, परत जाते, परत सुरू, प्रॉडक्शनपर्यंत पोचतच नाही. आणि पाचवा, लॅपटॉपवरून हाताने डिप्लॉय केलं की बदल दिसतो आणि थोड्या वेळाने पाईपलाईन परत जुन्या रूपात.

हे पाचही प्रकार मी इतक्या वेळा सोडवलेत की आता कोणी मेसेज केला की आधी एकच प्रश्न विचारते, क्लाउडमध्ये आत्ता जी पाईपलाईन चालू आहे ती कुठल्या कमिटची आहे? कारण गोम तिथेच असते.

ही पाईपलाईन स्वतःच स्वतःला बदलते. गिटवरून कोड येतो, बिल्ड स्टेजमध्ये सिंथ चालतो, त्यातून क्लाउडफॉर्मेशनच्या (एडब्ल्यूएसमध्ये रिसोर्सेस प्रत्यक्ष बनवणारी सेवा) टेम्प्लेट्सचा गठ्ठा तयार होतो (सीडीके डॉट आऊट हे फोल्डर), मग सेल्फम्युटेट नावाचं कोडबिल्डचं (कमांड्स चालवून देणारी एडब्ल्यूएसची सेवा) काम त्या गठ्ठ्यातून पाईपलाईनचा स्टॅक (एकत्र डिप्लॉय होणारा रिसोर्सेसचा संच) उचलून डिप्लॉय करतं, आणि व्याख्या बदललेली निघाली तर रन तिथेच तोडून नव्या रूपात पहिल्यापासून सुरू होतो. त्यानंतर असेट्स (कोडच्या फाईल्स आणि डॉकर इमेज अपलोड करायची स्टेज), मग तुमच्या टेस्ट, प्रॉडक्शन वगैरे स्टेजेस. आता नीट बघा, सिंथ आणि सेल्फम्युटेट ही दोन्ही कामं जुनी पाईपलाईन करते, जुन्या कमांड्सनी, जुन्या इमेजवर, जुन्या परवानग्यांनी. तुमच्या नव्या कोडला नोडचं नवीन व्हर्जन लागत असेल आणि जुन्या पाईपलाईनच्या इमेजमध्ये ते नसेल, तर कोडमध्ये इमेज बदलून पुश करून उपयोग नाही, कारण तो बदल लागू व्हायच्या आधीच सिंथ पडतो. किल्ली आत राहून दार लॅच झाल्यासारखं आहे हे. बाहेरून एकदा हाताने उघडावंच लागतं, आणि ते कधी आणि कसं ते खाली येईलच, पण आधी फुकटचे चेक करून घ्या कारण निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

ब्रँच आणि कनेक्शन (खर्च शून्य)

कन्सोलमध्ये पाईपलाईन उघडा, सोर्स स्टेजमध्ये कमिटचा आयडी दिसतो, तो तुमच्या शेवटच्या कमिटशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर बाकी काहीही तपासू नका. रेपोची मुख्य ब्रँच मास्टरवरून मेन केली आणि पाईपलाईनच्या कोडमध्ये मास्टरच राहिलं, हे अगदी नेहमीचं. दुसरं म्हणजे गिटहबचं कनेक्शन. ते कोडमधून किंवा कमांड लाईनवरून बनवलं की पेंडिंग अवस्थेत जन्माला येतं, कोणीतरी कन्सोलमध्ये जाऊन गिटहबला लॉगिन करून मंजुरी दिल्याशिवाय ते चालूच होत नाही.

वर सांगितलेलं पाचवं लक्षण, डिप्लॉय केलेलं परत जुनं होणं, तेही इथलंच आहे. तुम्ही फीचर ब्रँचवर बसून हाताने डिप्लॉय करता, पाईपलाईन अपडेट होते, अपडेट झाली म्हणून लगेच स्वतःहून चालू होते, मेन ब्रँचवरचा कोड आणते, त्यात तुमचा बदल नाहीये, आणि ती प्रामाणिकपणे स्वतःला मेनसारखं करून घेते. बिघाड काहीच नाही यात. म्हणून नियम असा की ज्या ब्रँचवर पाईपलाईनचा डोळा आहे तिथे कोड आधी पोचला पाहिजे, हाताने डिप्लॉय त्यानंतर.

नेमकी कुठली स्टेज लाल आहे

हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण लोक "पाईपलाईन फेल झाली" एवढंच सांगतात. बिल्ड लाल म्हणजे कोड किंवा सिंथच्या कमांड्स. अपडेटपाईपलाईन लाल म्हणजे सीडीके कमांड लाईनचं व्हर्जन, स्टॅकचं नाव किंवा बूटस्ट्रॅप (अकाऊंटमध्ये सीडीकेसाठी करायची पूर्वतयारी, खाली येईल). असेट्स लाल म्हणजे डॉकर, एस-थ्रीची बकेट (फाईल्स साठवायची जागा) किंवा कोडबिल्डचा कोटा. तुमच्या स्वतःच्या स्टेजमधलं प्रिपेअर किंवा डिप्लॉय लाल असेल तर पाईपलाईन ठणठणीत आहे, भांडण क्लाउडफॉर्मेशन आणि तुमच्या रिसोर्सेसमध्ये आहे. कोडबिल्डचा लॉग उघडलात तर शेवटची ओळ वाचून थांबू नका, ती नुसतं एक्झिट स्टेटस १ एवढंच सांगते, खरं कारण वीस-तीस ओळी वर असतं.

स्वच्छ क्लोनमध्ये सिंथ

तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये नाही, वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये रेपो नव्याने क्लोन करा आणि पाईपलाईनमध्ये ज्या कमांड्स आहेत त्याच त्याच क्रमाने चालवा, म्हणजे एनपीएम सीआय, मग बिल्ड, मग सीडीके सिंथ. नेहमीच्या फोल्डरमध्ये जुने मॉड्यूल्स, गिटइग्नोरमधल्या फाईल्स, तुमचे एडब्ल्यूएसचे क्रेडेन्शिअल्स असं सगळं पडलेलं असतं, त्यामुळे तिथे चालतं आणि कोडबिल्डमध्ये पडतं. शक्य असेल तर क्रेडेन्शिअल्सही काढून चालवा.

इथे हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे सीडीके डॉट कॉन्टेक्स्ट डॉट जेसन ही फाईल. कोडमध्ये आधीपासून असलेली व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) नावावरून शोधून आणत असाल तर सीडीके ती माहिती एडब्ल्यूएसला विचारून या फाईलमध्ये लिहून ठेवतं. ती फाईल गिटमध्ये नसेल तर पाईपलाईनमधला सिंथ परत विचारायला जातो आणि त्याच्याकडे ती परवानगी मुळात नसते. लोक मग सिंथच्या रोलला परवानग्या वाढवत बसतात. करता येतं तसं, पण मला ते पटत नाही, कारण मग आज आणि उद्याचा सिंथ वेगवेगळा येऊ शकतो, कोड तोच असूनसुद्धा. फाईल कमिट करा, झालं.

मोनोरेपो (अनेक प्रोजेक्ट्स एकाच रेपोमध्ये) असेल आणि इन्फ्राचा कोड आतल्या फोल्डरमध्ये असेल तर आऊटपुट डिरेक्टरी स्पष्ट द्यावी लागते. नाही दिली तर सिंथ यशस्वी होतो पण कोडबिल्ड रूटमध्ये सीडीके डॉट आऊट शोधतं, मिळत नाही, आणि बेस डिरेक्टरी सापडली नाही असं म्हणून पडतं.

सिंथ दोनदा चालवून बघा

हा चेक फक्त गोल गोल फिरणाऱ्या पाईपलाईनसाठी. त्याच स्वच्छ क्लोनमध्ये सिंथ चालवा, सीडीके डॉट आऊट बाजूला कॉपी करा, काहीही न बदलता सगळ्या कमांड्स परत चालवा, आणि दोन्ही फोल्डर डिफ करा. फरक शून्य पाहिजे. टेम्प्लेटमध्ये किंवा असेटच्या हॅशमध्ये (आतल्या मजकुरावरून बनणारा ठसा) फरक निघाला तर तेच कारण. पाईपलाईनच्या व्याख्येत असेट्सचे हॅशही येतात, त्यामुळे लॅम्डाच्या (सर्व्हर न सांभाळता चालणारं फंक्शन) फोल्डरमध्ये बिल्डच्या वेळी तयार होणारी एक फाईल, जिच्यात आजची तारीख आणि वेळ लिहिली जाते, तेवढी एक फाईल सुद्धा दर वेळी नवा हॅश बनवते, नवा हॅश म्हणजे बदललेली पाईपलाईन, बदललेली पाईपलाईन म्हणजे परत पहिल्यापासून, आणि परत नवी तारीख. एका टीममध्ये मी हे बघितलं तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेली पाईपलाईन सोमवारी सकाळी अजून फिरत होती, आणि कोडबिल्डचं बिल मिनिटांवर लागतं हे लक्षात घ्या. असं फिरताना दिसलं तर कारण शोधायच्या आधी एक्झिक्युशन स्टॉप करा. टॅगमध्ये तारीख, डिस्क्रिप्शनमध्ये बिल्ड नंबर, कुठेतरी यूयूआयडी, झिपमधले टाईमस्टॅम्प, हे सगळे याच घरातले. बिल्डची माहिती हवीच असेल तर कमिटचा आयडी घाला, एका कमिटसाठी तो बदलत नाही.

व्हर्जन आणि नाव

सेल्फम्युटेटच्या लॉगमध्ये क्लाउड असेम्ब्लीचं (म्हणजे त्याच गठ्ठ्याचं) स्कीमा व्हर्जन जुळत नाही, कमांड लाईन अपग्रेड करा, असं आलं तर सिंथ करणारी लायब्ररी नवी आणि डिप्लॉय करणारी कमांड लाईन जुनी आहे. पूर्वी दोघांचे नंबर सारखे असायचे म्हणून डोळ्याने कळायचं, २०२५ पासून कमांड लाईनचे नंबर वेगळे झाले, २.१००० पासून पुढे, त्यामुळे आता नंबर जुळवत बसू नका, कमांड लाईन लायब्ररीपेक्षा जुनी नसावी एवढंच बघा. पाईपलाईनमध्ये सीएलआय व्हर्जन ही प्रॉपर्टी कोणीतरी कधीतरी पिन करून ठेवलेली असते, ती आधी शोधा. आणि ती बदलली तरी जुनी पाईपलाईन जुनंच व्हर्जन वापरणार, म्हणजे हाताने डिप्लॉय आलंच.

स्टॅकच्या नावाचंही तसंच. सेल्फम्युटेटच्या कमांडमध्ये पाईपलाईनच्या स्टॅकचं नाव लिहिलेलं असतं. रिफॅक्टरिंग करताना कोणी ते बदललं की जुनी पाईपलाईन जुनं नाव शोधते, नव्या गठ्ठ्यात ते नसतं, आणि या नावाचा स्टॅकच नाही म्हणून थांबते. नाव परत पूर्वीचं करा. नवीनच नाव हवं असेल तर नवी पाईपलाईन हाताने उभी करून मग जुनी काढा, दोन्ही एकाच वेळी एकाच प्रॉडक्शनवर चालू ठेवू नका.

डॉकर

डॉकर डेमनशी कनेक्ट होता येत नाही असा एरर बिल्डमध्ये आला म्हणजे सिंथच्या वेळी कशाचं तरी बंडलिंग डॉकरमध्ये होतंय आणि कोडबिल्डला प्रिव्हिलेज्ड मोड नाहीये. सिंथसाठी डॉकर एनेबल करायचा फ्लॅग आहे, सेल्फम्युटेटसाठी वेगळा आहे. फ्लॅग आणि डॉकर लागणारा कोड एकाच पुशमध्ये टाकू नका. आधी फक्त फ्लॅग, पाईपलाईन बदलू द्या, मग दुसऱ्या पुशमध्ये बाकीचं.

हाताने डिप्लॉय, म्हणजे बाहेरून किल्ली

इथपर्यंत कारण कळलंय, कोड दुरुस्त झालाय, पण जुनी पाईपलाईन तो लागू करू शकत नाही. तेव्हाच हे करा. दुरुस्त कोड आधी मुख्य ब्रँचवर पुश करा आणि पाईपलाईनला फेल होऊ द्या, घाबरू नका. काही चालू असेल तर स्टॉप अँड वेट करा, अबॅन्डन नको, कारण मध्येच क्लाउडफॉर्मेशन काम करत असेल तर ते अर्धवट सोडून दिल्यावर ते कुठपर्यंत गेलं होतं ते तुम्हालाच शोधत बसावं लागतं. मग त्याच कमिटवर, स्वच्छ फोल्डरमधून, पाईपलाईन ज्या अकाऊंटमध्ये आहे त्याच अकाऊंटच्या क्रेडेन्शिअल्सनी, आधी सीडीके डिफ आणि तो शांतपणे वाचा. फक्त पाईपलाईन, कोडबिल्ड प्रोजेक्ट्स आणि रोल्स बदलताना दिसले पाहिजेत. ठीक असेल तर सीडीके डिप्लॉय आणि पुढे फक्त पाईपलाईन स्टॅकचं नाव. स्टार किंवा डबल स्टार देऊ नका, डबल स्टार दिलं तर आतल्या स्टेजेसचे स्टॅकही पकडले जातात आणि प्रॉडक्शन तुमच्या लॅपटॉपवरून डिप्लॉय होईल. झालं की पाईपलाईन आपोआप सुरू होते, तोच कमिट आणते, बदल काहीच नाही म्हणून सेल्फम्युटेट हिरवं होऊन पुढे जातं.

इथे एक शॉर्टकट सगळे सुचवतात तो करू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. सेल्फ म्युटेशन फॉल्स करून टाकायचं. डेव्हलपमेंट करताना तात्पुरतं ठीक आहे, पण मेनवर तसंच राहिलं तर दोन गोष्टी होतात. नवा लॅम्डा किंवा नवी इमेज टाकली की त्याचं असेट पब्लिश करायची पायरी पाईपलाईनमध्ये कधी येतच नाही आणि डिप्लॉयला बकेटमध्ये फाईल नाही म्हणून पडतं, लोक मग एस-थ्रीच्या परवानग्या तपासत बसतात. आणि परत ट्रू करून पुश केलं तरी ते लागत नाही, कारण ट्रू वाचून लागू करणारी स्टेजच आता शिल्लक नाही. परत हातानेच.

बूटस्ट्रॅप (इथून पुढे जपून)

बूटस्ट्रॅप हा अकाऊंट आणि रिजन अशा प्रत्येक जोडीला वेगळा करावा लागतो. मुंबई रिजनमध्ये केला म्हणून हैदराबादला चालत नाही. सगळ्यात जास्त विसरला जातो तो नॉर्थ व्हर्जिनिया, कारण अॅप पूर्ण मुंबईत असतं पण क्लाउडफ्रंटला लागणारं सर्टिफिकेट तिथेच बनवावं लागतं, एक छोटासा स्टॅक तिकडे जातो, आणि तिथे बूटस्ट्रॅप कोणी केलेलाच नसतो.

तपासायला पॅरामीटर स्टोअरमध्ये सीडीके बूटस्ट्रॅपचा व्हर्जन नंबर असतो तो बघा, एररमध्ये अमुक व्हर्जन पाहिजे असं लिहिलेलं असतं त्याच्याशी ताडून. जुना असेल तर सीडीके बूटस्ट्रॅप परत चालवायचं. सीडीकेच्या व्हर्जन १ वरून आलेल्या प्रोजेक्ट्समध्ये (त्याचा सपोर्ट १ जून २०२३ ला संपला) जुन्या पद्धतीचा बूटस्ट्रॅप अजून पडलेला असतो, पाईपलाईन्सना तो चालत नाही.

दुसऱ्या अकाऊंटमध्ये डिप्लॉय होत असेल आणि डिप्लॉय रोल अझ्युम करायला परवानगी नाही असं आलं तर ट्रस्ट बघा. टार्गेट अकाऊंटचा बूटस्ट्रॅप करताना पाईपलाईनच्या अकाऊंटला ट्रस्ट द्यावा लागतो. आता हे अगदी लक्षात ठेवा, ट्रस्टची यादी दर वेळी पूर्ण द्यायची. नव्या अकाऊंटला ट्रस्ट देताना फक्त त्याचाच नंबर दिला तर आधीच्यांचा ट्रस्ट निघून जातो, म्हणजे एका टीमची पाईपलाईन सुरू करताना दुसऱ्या टीमची बंद पडते, आणि त्या टीमने तर काहीच बदललेलं नसतं, त्यांना कारण सापडणार कुठून. म्हणून बूटस्ट्रॅपची पूर्ण कमांड रेपोमध्ये स्क्रिप्ट म्हणून ठेवा, कोणाच्या तरी टर्मिनलच्या हिस्टरीमध्ये नको.

दोन अकाऊंट असतील तर क्रॉस अकाऊंट कीज ट्रू लागतं, डीफॉल्टला ते फॉल्स आहे. केएमएसच्या (एन्क्रिप्शनच्या कीज सांभाळणारी सेवा) कीला महिन्याला १ डॉलर पडतो म्हणून कोणीतरी ते बंदच ठेवलेलं असतं, असं मी दोन ठिकाणी बघितलंय.

सीडीके टूलकिट नावाचा स्टॅक डिलीट करून नव्याने बूटस्ट्रॅप करू असं मनात आलं तर थांबा. बकेट मागे राहते, नवा बूटस्ट्रॅप त्याच नावाची बकेट बनवायला जातो आणि अडतो, आणि तोपर्यंत त्या रिजनमधल्या सगळ्यांच्या डिप्लॉयचे रोल्स गेलेले असतात.

कधी थांबायचं

सीडीके डिफमध्ये डेटाबेस, एस-थ्री बकेट, कॉग्निटोचा यूजर पूल, यातल्या कशाच्याही पुढे रिप्लेस किंवा डिस्ट्रॉय दिसलं तर हात काढून घ्या. कोडमध्ये कन्स्ट्रक्टचा आयडी बदलला किंवा तो दुसऱ्या क्लासमध्ये हलवला एवढ्यानेही लॉजिकल आयडी (क्लाउडफॉर्मेशन ती वस्तू ज्या नावाने ओळखतं ते) बदलतो, आणि क्लाउडफॉर्मेशनच्या नजरेत ती जुनी वस्तू काढून नवी बनवणं असतं. डेटा गेला तर पाईपलाईन हिरवी असून काय करायचंय.

प्रॉडक्शनचा स्टॅक अपडेट रोलबॅक फेल्ड मध्ये असेल तरी थांबा. कंटिन्यू रोलबॅक करताना अडकलेले रिसोर्सेस स्किप करता येतात, पण काय स्किप केलं त्याप्रमाणे स्टॅकची नोंद आणि प्रत्यक्षातली परिस्थिती वेगळी होते, हे काम आधी केलेल्या माणसानेच करावं. पहिल्यांदाच बनताना पडलेला, रोलबॅक कम्प्लीट दाखवणारा स्टॅक मात्र डिलीट करून परत बनवायला हरकत नाही, त्यात अजून काही नव्हतंच.

केएमएसची की डिलीशनसाठी शेड्यूल झालेली दिसली तर हे सगळं सोडून लगेच अकाऊंटच्या अॅडमिनला फोन करा. ७ ते ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात रद्द करता येतं, नंतर कोणीच काही करू शकत नाही. ऑर्गनायझेशनच्या पातळीवरच्या पॉलिसीने स्पष्ट नकार येत असेल तर तेही तुमच्या अकाऊंटमधून सुटणार नाही, परवानग्या वाढवत बसण्यात अर्थ नाही, क्लाउड टीमकडेच जायला लागतं. एडब्ल्यूएस सपोर्टकडे जायचं असेल तर फुकटच्या बेसिक प्लॅनमध्ये टेक्निकल केस उघडता येत नाही, पेड प्लॅन कोणाच्या अकाऊंटवर आहे ते आधी विचारून घ्या.

आणि कोणाकडेही गेलात तरी हे हातात घेऊन जा: एक्झिक्युशनचा आयडी, लाल झालेल्या कामाचा पूर्ण लॉग, सोर्समधला कमिट, सीडीके डिफचं आऊटपुट, लायब्ररी आणि कमांड लाईन दोन्हींची व्हर्जन्स, दोन्ही अकाऊंटमधला बूटस्ट्रॅपचा नंबर, आणि शेवटचा यशस्वी रन झाल्यानंतर हाताने कोणी काय काय केलं त्याची खरी यादी, कन्सोलमध्ये केलेल्या क्लिकसकट.